काळ्या डोक्याचं वजनमाप

केविन हेन्री हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मीही ऐकलं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या वस्तीतली पोरं लाथाडतात तो नव्हे. चेंडू अंड्यासारखा, तो हातात धरून पळायचं आणि पळणाऱ्याला इतरांनी अंगावर जाऊन आडवा करायचा. त्यातही पुढच्या फळीवाल्यांच्या वाट्याला निव्वळ हमाली. चेंडू त्यांच्या हाताला क्वचित लागतो. डाव सुटला की समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्यावर आदळायचं, उठायचं, पुन्हा आदळायचं. आणि लोक तिकीट काढून टाळ्या पिटणार.

हेन्री या फळीतला. काळा. मिसिसिपी स्टेट विद्यापीठातून 1993 साली पिट्सबर्ग स्टीलर्सनं त्याला उचलला आणि आठ हंगाम राबवला. नंतर हातात काय राहिलं? डोकेदुखी, विसराळूपणा, उदासी.

त्याच पिट्सबर्गमध्ये 2002 साली माइक वेबस्टर या स्टीलर्सच्याच जुन्या खेळाडूचं प्रेत टेबलावर आलं. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरनं मेंदू काढला. वरून धड दिसणारा मेंदू भिंगाखाली आतून नासलेला निघाला. ओमालूनं 2005 मध्ये ते छापलं, तर लीगच्या डॉक्टरांनी लेखच मागे घ्या म्हणून पत्र धाडलं! पुढं हजारो जुने खेळाडू कोर्टात गेले. 2013 मध्ये तडजोड झाली, 2015 मध्ये कोर्टानं मान्य केली. ज्याला स्मृतिभ्रंश, त्याला भरपाई.

आता खरी हरामखोरी बघा. मेंदू किती झिजला हे चाचणीच्या गुणांवरून ठरणार. पण आधी किती होता? तर तुमच्यासारख्या निरोगी माणसाला सरासरी जितके गुण पडतात तितका धरायचा. तुमच्यासारखा म्हणजे तुमच्या वयाचा, तुमच्या शिक्षणाचा. आणि तुमच्या रंगाचा. काळ्यांची सरासरी खालीच धरलेली. गोऱ्याला आणि काळ्याला सारखेच गुण पडले, तर गोऱ्याचा मेंदू झिजला, पैसे द्या. काळ्याचा झिजला नाही, तो मुळातच तेवढा होता!

आमच्या टोळीतल्या एका मामाच्या डोक्याला गोदीत क्रेनचा आकडा लागला. तेव्हापासून त्याला पाळी आठवेना, गोण्यांचा हिशेब जमेना. भरपाई मागायला मी त्याच्याबरोबर गेलो. टेबलामागचा साहेब कागद चाळत म्हणाला, "हा आधीपासूनच असा असेल." मामाला त्यानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कागदावरचं आडनाव तेवढं वाचलं होतं.

म्हणून केविन हेन्री मला परका वाटत नाही.

शहाणे लोक सांगतात, हे माप काळ्यांच्या भल्यासाठीच काढलेलं. निरोगी काळ्याला उगाच भ्रमिष्ट ठरवू नये म्हणून. असेल बुवा. पण गुण कमी पडतात ते फुटक्या शाळेमुळं, उपाशी पोटामुळं. ते कातडीच्या खात्यावर का मांडता? आणि नेमके पैसे द्यायच्या वेळीच का? हेन्री खेळायला आला त्या काळात निवडीआधी पोरांची बुद्धिचाचणी व्हायची, 12 मिनिटांत 50 प्रश्न. लीगनं ती 2022 पर्यंत चालवली. त्यात काळ्याच्या गुणांना वेगळा तराजू नव्हता. माल घेताना काटा सरळ होता.

ऑगस्ट 2020 मध्ये हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघांनी दावा ठोकला. लीग म्हणाली, रंगाचं माप सक्तीचं नाही, ते डॉक्टरवर आहे. अरे वा! मग डेव्हनपोर्टचा अर्ज मंजूर झालेला असताना, त्याला काळ्यांचं माप का लावलं नाही म्हणून अपील कुणी केलं? लीगनंच ना?

मार्च 2021 मध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला आणि रंगाच्या मापाचा प्रश्न मध्यस्थाकडं सोपवला. पण गडी घरी बसले नाहीत. केन जेंकिन्स हा जुना खेळाडू बायकोला घेऊन 50,000 सह्या कोर्टात टाकून आला. जूनमध्ये लीगनं मान तुकवली, रंगाचं माप बंद करतो म्हणाली. 2022 मध्ये नव्या अटी मंजूर झाल्या.

त्याच वर्षी जुन्या चाचण्यांचे गुण रंग न बघता पुन्हा मांडले. पहिल्या 646 चाचण्यांतच 61 जण स्मृतिभ्रंशाच्या भरपाईला पात्र निघाले. आणखी सुमारे अडीचशे जणांना पुढच्या तपासण्या आणि उपचारांचा हक्क मिळाला. या सगळ्यांना आधी सांगितलं होतं, तुम्हाला काही झालेलं नाही. 61 घरांतल्या बायका तोवर नवऱ्याला त्याच्याच घराचा रस्ता दाखवत होत्या.