पतगुण : कशाचे मोजमाप?

पडघ्यासारख्या बाजाराच्या गावात एक जुना शब्द अजून रोजच्या वापरात आहे. तो म्हणजे ‘पत’. ज्याची पत चांगली, त्याला दुकानदार वहीत मांडून माल देतो. ज्याची पत नाही, त्याला रोख पैसे मोजावे लागतात. ही पत कोठे लिहून ठेवलेली नसते. ती दहा जणांच्या अनुभवातून तयार होते आणि ते दहा जण एकमेकांना ओळखत असतात.

आता अशी कल्पना करा, की गाव लाखो लोकांचे आहे, कोणी कोणाला पाहिलेले नाही, आणि तरीही रोज एकमेकांचा सल्ला घ्यायचा आहे. मग शब्द कोणाचा मानायचा? संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. २००८ साली अमेरिकेत जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ नावाचे प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ इंटरनेटवर सुरू केले. तेथे त्यांनी या अडचणीवर एक तोड काढली. पत आकड्यांत मांडायची! या आकड्यांना आपण ‘पतगुण’ म्हणू.

नवा सभासद १ गुणाने सुरुवात करतो. त्याचे उत्तर उपयोगी आहे असे कोणी मत दिले, की त्याला १० गुण मिळतात. प्रश्न विचारणाऱ्याने तेच उत्तर स्वीकारले, तर आणखी १५. उत्तर निरुपयोगी ठरले, तर दर मतामागे २ गुण वजा. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात. बरीच वर्षे रूढ असलेल्या नियमांनुसार दुसऱ्याचे लेखन चांगले आहे असे मत देण्यासाठी १५ गुण लागत. वाईट आहे असे मत देण्यासाठी मात्र १२५! शिवाय एखाद्या उत्तराविरुद्ध मत दिले, तर देणाऱ्याचाही १ गुण जाई. दुसऱ्याच्या लेखनात परस्पर दुरुस्ती करण्यासाठी २,००० गुण हवेत. चांगले म्हणणे स्वस्त, वाईट म्हणणे महाग, आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून! नियम करणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची चांगली जाण होती, असे म्हटले पाहिजे.

माझ्या मते पतगुणांचा हा उपयोग योग्यच आहे. प्रयोगशाळेत जो विद्यार्थी उपकरणे नीट हाताळतो, त्याच्याकडे आपण कपाटाची किल्ली देतो. किल्ली म्हणजे पदक नव्हे. ती जबाबदारी आहे. घोटाळा होतो तो किल्लीला पदक समजून ती छातीवर लावली जाते तेव्हा. मग एक गुण असलेला लहान आणि पन्नास हजार गुण असलेला मोठा, असा हिशेब सुरू होतो. हे कितपत बरोबर आहे, ते मोजमापाच्या शास्त्राने तपासून पाहू.

कोणत्याही मोजमापाबद्दल पहिला प्रश्न असा, की त्याचे एकक स्थिर आहे काय? १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बसवलेली आहे. तो कोणाच्या ठरावाने लांब किंवा आखूड होत नाही. पतगुणांचे तसे नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर चांगल्या प्रश्नाला पडणाऱ्या एका मताचे आरंभी १० गुण होते. २०१० साली ते ५ केले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा १० झाले आणि जुन्या प्रश्नांचे गुणही नव्या दराने मोजले गेले. अनेक सभासदांचे गुण एका रात्रीत वाढले. त्या रात्री त्यांचे ज्ञान वाढले काय? अर्थातच नाही. वाढली ती फक्त मोजपट्टी.

दुसरा प्रश्न असा, की नेमके मोजले जाते काय? सोप्या प्रश्नाचे उत्तर हजारोंना हवे असते, म्हणून त्याला भरपूर मते पडतात. अवघड प्रश्नाचे उत्तर वाचणारेच थोडे, म्हणून त्याचे गुणही थोडे. दहा वर्षांपूर्वी लिहिलेले उत्तर आजही गुण मिळवत राहते. म्हणजे पतगुणांत उपयुक्तता आहे, वाचकांची संख्या आहे आणि लोटलेला काळही आहे. बुद्धिमत्ता त्यात असेलही, पण ती वेगळी काढून दाखवता येत नाही.

आता आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या ‘डायरेक्टी’ या कंपनीने २००९ मध्ये ‘कोडशेफ’ सुरू केले. तेथे आज्ञावल्या लिहिण्याच्या स्पर्धा होतात आणि स्पर्धकाला मानांकन मिळते. १,४०० च्या खाली एक तारा, १,४०० पासून दोन, असे करत २,५०० पासून सात तारे. या मानांकनाचे मूळ एका भौतिकीच्या प्राध्यापकाकडे जाते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. अमेरिकेतील मार्क्वेट विद्यापीठात भौतिकी शिकवणाऱ्या आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंसाठी ही पद्धत बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. दोन खेळाडूंच्या मानांकनांत २०० चा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने शंभरापैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. ४०० चा फरक असेल, तर सुमारे ९१. म्हणजे हा आकडा माणसाचा नाही. तो दोन माणसांतील फरकाचा आहे. पाण्याची पातळी कोठून मोजली हे सांगितल्याशिवाय उंचीला अर्थ नसतो, तसेच हे.

स्वतः एलो यांना याची पुरेपूर जाणीव होती. लाटांवर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या फूटपट्टीने मोजण्यासारखे हे काम आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पद्धत शोधणारा इतका सावध, आणि वापरणारे मात्र ताऱ्यांवरून मुलांची किंमत ठरवून मोकळे!

पडघ्यात राहणाऱ्यांना आणखी एक दाखला रोज डोळ्यांसमोर आहे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून ५०० किलोव्होल्ट दाबाने एकदिश वीज १९९९ पासून पडघ्याच्या केंद्रात येते. वहनाची क्षमता १,५०० मेगावॉट. अशा केंद्रात विजेचा दाब एका मापकावर दिसतो, प्रवाह दुसऱ्यावर, ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचे तापमान तिसऱ्यावर. व्होल्ट, अँपिअर आणि अंश सेल्सिअस यांची बेरीज करून “या केंद्राला एकूण किती गुण?” असे कोणी अभियंता विचारत नाही. मग यंत्राला जो न्याय आपण देतो, तो माणसाला का देऊ नये?

आकड्यालाच ध्येय केले, की आणखी एक गोष्ट घडते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराचे सार असे : एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले, की ते चांगले मोजमाप राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोला याचा चटका बसला. चॅटजीपीटी हे यंत्र नुकतेच आले होते. त्याच्याकडून झटपट लिहून घेतलेली, दिसायला बरोबर पण पुष्कळदा चुकीची असलेली उत्तरे इतकी येऊ लागली, की त्यांवर बंदी घालावी लागली. उत्तर देण्याची तळमळ असणारा माणूस न तपासलेले उत्तर पाठवणार नाही. ज्याला फक्त आकडा वाढवायचा आहे, तो पाठवील.

कोणी विचारील, “गुण नसते, तर इतके लोक फुकट कशाला राबले असते?” आक्षेप रास्त आहे. गुण काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. गुण नसले, की ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे होते, हेही आपण सभांतून पाहतो. पण गुणांमुळे होणारे नुकसान कोणाच्या वाट्याला येते, तेही पाहायला हवे. ते येते नवख्यांच्या वाट्याला. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनीच जाहीरपणे मान्य केले, की आपल्याकडे नवख्यांचे आणि परक्या वाटणाऱ्यांचे स्वागत नीट होत नाही. मराठी शाळेतून आलेली, घरात पहिल्यांदाच संगणक पाहणारी मुलगी धीर करून मोडक्या इंग्रजीत एक प्रश्न विचारते आणि उत्तराऐवजी उणे गुण पाहते. ती पुन्हा विचारील काय? भौतिकी असो वा आज्ञावली, न विचारलेली शंका हेच शिक्षणातले सर्वांत मोठे नुकसान आहे.

याच व्यासपीठाचा एक नियम मात्र मला फार आवडतो. कारभारात काय बदल हवेत, कोणती नवी सोय हवी, याच्या सूचना मांडण्यासाठी तेथे वेगळी जागा आहे. तेथे प्रवेशाला अवघे ५ गुण पुरत. सूचनेला अनुकूल किंवा प्रतिकूल मते पडतात, पण त्यामुळे मांडणाऱ्याचे पतगुण वाढत नाहीत की घटत नाहीत. तेथे मत हे सूचनेला असते, माणसाला नव्हे. हे तत्त्व शहाणपणाचे आहे. जिना रोज चढणाऱ्याला मोडकी पायरी सवयीची होते. ती खटकते नव्याने चढणाऱ्याला. म्हणून सुधारणेची सूचना पुष्कळदा नवख्याकडूनच येते आणि तिचे वजन त्याच्या गुणांवरून ठरवणे म्हणजे आपलेच नुकसान करून घेणे होय.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की हे तत्त्व वर्गात आणून पाहावे. एक वही ठेवावी. तीत कोणीही शंका लिहावी, कोणीही सूचना करावी. नाव लिहिण्याची सक्ती नको. आठवड्यातून एकदा त्यांवर चर्चा व्हावी, आणि ती लिहिणारा पहिल्या बाकावरचा की शेवटच्या, हे कोणी विचारू नये. ज्यांना जास्त येते, त्यांच्याकडे जबाबदाऱ्या जरूर द्याव्यात. पण त्यांच्या नावापुढचा आकडा फळ्यावर लिहिण्याचे कारण नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही उद्या अशा समुदायांत जाल, गुण मिळवाल, तारे मिळवाल. त्यांचा आनंद अवश्य घ्या. मात्र कोणाच्याही नावापुढे, अगदी स्वतःच्या नावापुढेही, आकडा दिसला, की भौतिकीच्या तासाला विचारता तोच प्रश्न विचारा : याचे एकक काय?