‘काली ५०००’ खरंच हिमकडा पाडू शकते का? व्हर्च्युअल कॅथोडचा साधा हिशोब

ड्रोन हल्ल्यांची चर्चा सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना दावा हमखास वर येतो. भारताकडे ‘काली ५०००’ नावाचं गुप्त किरण-अस्त्र आहे, आणि २०१२ साली सियाचीनजवळ गयारी इथल्या पाकिस्तानी लष्करी तळावर कोसळलेला हिमकडा त्यानेच पाडला, असं त्यात असतं. त्या दुर्घटनेत १४० जणांचा जीव गेला होता. म्हणून हा दावा गंमत म्हणून सोडून देण्यापेक्षा तपासलेला बरा.

काली खरी आहे. नावाचा देवीशी संबंध नाही. ‘किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर’ची ती आद्याक्षरं आहेत. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं हे इलेक्ट्रॉन प्रवेगक यंत्र. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी लोकसभेत याविषयीची माहिती संवेदनशील असल्याचं सांगून ती देण्यास नकार दिला, आणि अफवांना आणखी बळ मिळालं. पण काली ५००० वर व्हर्च्युअल कॅथोड वापरून मायक्रोवेव्ह तयार केल्याचे शोधनिबंध तिथल्या शास्त्रज्ञांनी उघडपणे छापले आहेत. म्हणजे मूळ विज्ञान तरी गुपित नाही.

मग व्हर्च्युअल कॅथोड म्हणजे काय? कॅथोड हा इलेक्ट्रॉन सोडणारा धातूचा किंवा ग्रॅफाइटचा तुकडा. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन जाळीदार अ‍ॅनोड पार करून पलीकडच्या पोकळीत जातात. हे सगळे ऋणभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. प्रवाह एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पुढे इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी होते, की मागून येणारे तिथे थबकतात आणि उलटे फिरतात. दोन लोकल एकदम आल्यावर स्टेशनच्या अरुंद पुलावर जे होतं, तसंच. पुढे भिंत नसते, गर्दीच भिंत होते. त्या जागी धातू नसतो, पण ती कॅथोडसारखी वागते, म्हणून ‘व्हर्च्युअल’.

ही भिंत स्थिर राहत नाही. ती पुढे-मागे हलते, आणि खऱ्या व आभासी कॅथोडच्या मध्ये अडकलेले इलेक्ट्रॉनही हेलकावे खातात. हे सेकंदाला अब्जावधी वेळा घडतं आणि त्यातून मायक्रोवेव्ह बाहेर पडतात. अशा यंत्राला ‘व्हर्केटर’ म्हणतात. ऋणभाराच्या याच गर्दीकडे धनभारित आयन ओढले जातात. गर्दी पुढे सरकवता आली तर आयनही तिच्यामागे वेग घेतात, म्हणून आयन प्रवेगक बनवण्यासाठीही ही कल्पना अभ्यासली गेली.

आता आकडे लावून बघू. साधारण १० लाख व्होल्ट आणि ४० हजार अँपिअर, म्हणजे ४० गिगावॅट. ही शक्ती अख्ख्या महाराष्ट्राच्या विजेच्या कमाल मागणीपेक्षा जास्त! पण किती वेळ? सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. गुणाकार केला की ऊर्जा येते ४ हजार ज्यूल. एवढ्यात एक लिटर पाणी जेमतेम १ अंशाने तापेल. बर्फ वितळवायचा तर १२ ग्रॅम. त्यातही व्हर्केटरची कार्यक्षमता बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे मायक्रोवेव्ह म्हणून बाहेर पडतात ते ४० ते ८० ज्यूल. यातून हिमकडा कोसळणार नाही.

मग हे सगळं निरुपयोगी का? अजिबात नाही. ड्रोन जाळायचा नसतो, त्याची चिप गोंधळवायची असते. तीव्र मायक्रोवेव्ह ड्रोनच्या वायरींमध्ये आणि सर्किट बोर्डवर नको असलेला व्होल्टेज तयार करतात. मी सॉफ्टवेअरवाला, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो: कोड कितीही चांगला असू द्या, मेमरीतले बिटच उलटेपालटे झाले तर प्रोग्रॅम चालणार नाही. जॅमर फक्त रेडिओ संपर्क तोडतो, त्यामुळे फायबर केबलवर उडणाऱ्या ड्रोनला त्याने फरक पडत नाही. मायक्रोवेव्ह थेट इलेक्ट्रॉनिक्सवर जातो.

भारतासाठी हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या लष्कराने सांगितलं. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडत राहणं कुणालाच परवडत नाही. ब्रिटनने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेल्या रेडिओ लहरींच्या अस्त्राचा पल्ला १ किलोमीटरपर्यंत आणि एका माऱ्याचा अंदाजे खर्च १० पेन्स आहे. अमेरिकेतली एपिरस कंपनी तर ‘लिओनायडस’ने एका झटक्यात ४९ ड्रोन पाडल्याचं सांगते. यातली गंमत अशी, की लिओनायडसमध्ये व्हर्केटर नाहीच, गॅलियम नायट्राइडच्या चिप आहेत. क्षणिक शक्ती कमी, पण ती पुन्हा पुन्हा मारा करते आणि झोत हवा तिकडे वळवता येतो. व्हर्केटरला निर्वात पोकळी, प्रचंड व्होल्टेज आणि दोन पल्सच्या मध्ये उसंत लागते.

म्हणून पुढचा फॉरवर्ड किंवा बातमी आली, की ‘किती गिगावॅट’ यावर थांबू नका. पल्स किती वेळाची, मिनिटाला किती पल्स, आणि किती अंतरावर, हे तीन प्रश्न विचारा. अंतर १० पट झालं की झोताची तीव्रता १०० पट घटते. शिवाय हा झोत आपलं आणि परकं ओळखत नाही; वाटेत आलेल्या आपल्या उपकरणांनाही त्रास होऊ शकतो. या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो मेसेज पुढे पाठवू नका.