वाटेवरचा काटा, नदीतला कचरा

रमजानच्या दिवसांत संध्याकाळी मशिदीजवळचा रस्ता गजबजून जातो. मगरीबच्या अजानला थोडाच अवकाश असतो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी आणि सरबताच्या गाड्यांभोवती गर्दी होते. त्या गर्दीत फक्त रोजेदार नसतात, शेजारपाजारची सगळीच मंडळी असतात. दोन तासांनी तोच रस्ता पाहावा. सरबताचे पेले, पातळ पिशव्या, खजुरांची रिकामी खोकी आणि चहाचे कागदी कप गटारीच्या कडेला पडलेले दिसतात. जत्रेनंतर, मिरवणुकीनंतर, लग्नाच्या पंगतीनंतर आणि आठवडी बाजार उठल्यावरही हेच चित्र असते.

हा कचरा रस्त्यावर राहत नाही, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. वारा त्याला गटारीत ढकलतो. गटारीतून तो ओढ्यात जातो आणि ओढा नदीला मिळतो. अनेक गावांत पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे कोणत्याही प्रक्रियेविना थेट नाल्याला जोडलेली असतात. त्यामुळे रस्त्यावर टाकलेली पिशवी म्हणजे नदीतच टाकलेली पिशवी. मध्ये फक्त पहिल्या पावसाचे अंतर असते. कागदी कप कुजून जाईल, अशीही अनेकांची समजूत असते. पण त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. कागद विरघळतो, तो थर उरतो.

याचे परिणाम मुंबईने भोगले आहेत. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी कुर्ला, धारावीवरून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भराव, अतिक्रमणे आणि कचऱ्याने आक्रसलेल्या या नदीला ते पाणी पेलवले नाही. बुडालेल्या घरांत सर्व धर्मांची माणसे होती. पुराने कोणाच्याही दारावरची पाटी वाचली नाही.

त्याच मुंबईत ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हा तरुण वकील वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलू लागला. सोबतीला होते शेजारचे ८४ वर्षांचे एक गृहस्थ. सुरुवात अशी दोघांचीच. हळूहळू कोळीवाड्यातले लोक, विद्यार्थी, झोपडपट्टीतले रहिवासी आणि चित्रपटसृष्टीतली मंडळी येत गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा सन्मान केला. २०१८ च्या मार्चमध्ये याच किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. पुढे हे स्वयंसेवक मिठी नदीच्या काठावरही उतरले. किनाऱ्यावरचा कचरा वस्त्यांतून आणि नाल्यांतूनच येत असेल, तर समुद्र स्वच्छ ठेवण्याचे काम वस्तीच्या गल्लीतून सुरू व्हायला हवे.

इस्लामच्या शिकवणीत या कामाला मोठे स्थान आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या अनेक शाखा सांगितल्या. त्यांतली सर्वांत छोटी शाखा म्हणजे वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, असेही हदीसमध्ये येते. त्या काळी वाटेत काटा असे, आज काच, पिशवी आणि पेला असतो. सदका म्हणजे केवळ पैशाचे दान नव्हे. ज्याचा खिसा रिकामा आहे, तोही दोन हातांनी सदका करू शकतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. गाडगेबाबा एखाद्या गावात पोहोचले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. गाव झाडताना घर कोणाचे आहे, हे त्यांनी पाहिले नाही. हदीसमधला वाटसरू आणि बाबांचा खराटा एकच गोष्ट सांगतात: श्रद्धेची परीक्षा उंबऱ्याच्या बाहेर होते.

मात्र स्वच्छता मोहिमांत काही दोषही शिरतात. फलक लावून, छायाचित्रे काढून तासाभरात पांगणारी मोहीम नदीला उपयोगी पडत नाही. गोळा केलेला कचरा कोपऱ्यात पेटवून दिला, तर जमिनीवरचे विष हवेत जाते. सगळे एकाच पोत्यात कोंबले, तर ते वेगळे करण्याचे काम अखेर सफाई कामगारावरच पडते. आणि स्वयंसेवक आले म्हणून नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. घंटागाडी वेळेवर येणे, बाजारात पुरेसे डबे असणे आणि पावसाळ्याआधी गटारे उपसणे हे तिचेच काम. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ती राबवणे हेही तिचेच काम.

याहून घातक आहे तो ‘कचरा त्यांचा’ हा शेरा. रमजानमध्ये बोट एका वस्तीकडे वळते, उत्सवात दुसरीकडे. प्रत्येकाला दुसऱ्याचे पेले दिसतात, नदीला मात्र सगळे सारखेच लागतात. हा शेरा थांबवण्याचा मार्ग एकच: ज्याचा सण, त्याने रस्ता आधी स्वच्छ करावा. शेजारी आपोआप हातभार लावतील.

त्यासाठी फार काही लागत नाही. इफ्तारसाठी घरून स्टीलचा पेला आणि डबा नेता येतो. मशिदीच्या दाराशी ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी दोन डबे ठेवता येतात. कलिंगडाच्या साली शेळ्यांना किंवा खताच्या खड्ड्याला जातील. दुपारच्या उन्हात रोजेदारांनी राबण्याची गरज नाही. फजरच्या नमाजनंतरचा तास थंड असतो. त्याच वेळी फिरायला निघणारे शेजारीही सोबत येऊ शकतात. हातमोजे, दोन वेगळी पोती आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस पुरे. आधी गटारीची जाळी मोकळी करावी, कारण नदीचा दरवाजा तोच आहे.

ज्या हाताने दिवसभर समोरचा घास अडवला, त्या हाताला रिकामा पेला डब्यापर्यंत नेणे जड जाऊ नये. रोजा हा संयमाचा सराव आहे. ईदचा चंद्र दिसल्यावर रोजे संपतील, पण त्यानंतर पाऊस येईल. तेव्हा नदी काय घेऊन वाहील, हे आज संध्याकाळी याच रस्त्यावर ठरणार आहे.