रोहित पाहायला आफ्रिका कशाला?

आफ्रिकेत लोक जीपमधून दिवसभर सिंह, हत्ती बघतात. त्याला लई पैसे लागतात. पण रोहित पक्षी आफ्रिकेत असतात तसे थंडीत आपल्या पैठणच्या नाथसागरावरही येतात. मी दिवसभर काठावर बसून पाहिले. पाय काठीसारखे, पंख गुलाबी. मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलातलं खाणं गाळून खातात. १९८६ साली सरकारने इथे जायकवाडी पक्षी अभयारण्य केले. तरी माणसं फोटोसाठी जवळ जातात, पोरं खडे मारतात. मग सगळा थवा उडतो. जेवताना आपल्याला कोणी उठवलं तर? काठावर टाकलेल्या तुटक्या जाळ्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. माझ्या मते तुटकी जाळी घरी आणावी. माझे मामा मासे धरतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघू." मी रोज विचारणार आहे.

— इयत्ता ४ थी