नमुन्याची सचोटी

नेप्तीच्या कांदा बाजारात जाणता व्यापारी वरचा थर पाहून बोली करीत नाही. गोणी पालथी करून आतला माल पाहतो. नमुना कोठून घ्यावा, हा व्यवहारातला प्रश्न आहे. तोच शास्त्रातलाही आहे. त्या शास्त्रात जगभर नाव मिळविणारे एक मराठी प्राध्यापक म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व १९३६ साली संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने बांधला जाई. शेत चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवडावे, ठरल्या मापाचा तुकडा आखावा, त्यातील पीक कापून, मळून तोलावे, ही पद्धत देशात रुजविण्यात सुखात्मे व त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे.

तुकडा किती मोठा असावा, यावर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. लहान तुकडा स्वस्त पडतो. परंतु काठावरचे ताट आत की बाहेर असा संशय आला, की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर चौरस तुकड्यास चौरस मीटरमागे ४ मीटर काठ असतो. १० बाय ५ मीटरच्या तुकड्यास अवघा ६० सेंटिमीटर. म्हणून लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवितो. हे त्यांनी १९४६ साली 'नेचर' नियतकालिकात मांडले.

हा वाद जुना झालेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात बाजरी वा सोयाबीन बुडाले, तर विम्याची भरपाई महसूल मंडळातील मोजक्या कापणी प्रयोगांवर ठरते. तेथे आकडा फुगला, तर पीक गमावलेल्या शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. त्याच्याकडील दुकानदाराची उधारीही अडकते. आता उपग्रहचित्रे व मशीन लर्निंग मदतीस आली आहेत. पण यंत्र शिकते ते याच कापणीच्या आकड्यांवरून. मूळ माप खोटे असेल, तर यंत्र तोच खोटेपणा वेगाने पसरविते.

सुखात्मे यांनी माणसेही घडविली. परिषदेत त्यांनी सुरू केलेल्या प्रशिक्षणातूनच आजची दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था वाढली. पानसे यांच्यासह लिहिलेले त्यांचे १९५४ सालचे पाठ्यपुस्तक कृषी शिक्षणात पिढ्यानपिढ्या वापरले गेले. १९५१ पासून वीस वर्षे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी सेवा केली. १९७१ साली पद्मभूषण लाभले. पुढे पुण्यात ते पोषणाच्या संशोधनात रमले. १९९७ साली त्यांचे निधन झाले.

आज घरोघरची मुले संगणकशास्त्राकडे वळत आहेत. त्यांना वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: तुझ्या यंत्राला दिलेला आकडा कोणी, कोठे आणि कशाने मोजला?