जाते, गिरणी आणि मैदा

‘जुने ते सोने’ हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो. ‘जात्यावरच्या पिठाची सर गिरणीच्या पिठाला नाही’ हेही त्यातलेच. असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळली आहे?

शहागडच्या आमच्या घरात आजीने ती रोज दळली. ती म्हणते, “गिरन आली अन् माझ्या दंडाचं दुखनं गेलं.” जात्यावरच्या ओव्या हे बायकांचे मोठे वाङ्मय आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नाने १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या आपण जरूर अभ्यासाव्यात. पण ओवीसाठी जाते परत यावे, असे कोणी म्हणू नये. आजीचे हात दळणातच गुंतले. माझ्या हातात पुस्तक आले. घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच.

शिवाय पिठाचा गुण बाईच्या घामात नव्हताच. गावच्या गिरणीतही दोन दगडच असतात, एक स्थिर आणि एक फिरता. तिथेही अख्खा दाणा दळला जातो. कोंडा आणि अंकुर पिठातच राहतात. दगड फार आवळले तर पीठ जळते, एवढे गिरणीवाल्याने सांभाळावे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण थोडे न्यावे, पण ताजे असावे.

खरा फरक पडतो तो मैद्यात. मोठ्या कारखान्यात पोलादी रुळांमध्ये गहू फोडतात आणि पुन्हा पुन्हा चाळतात. दाण्यातला सुमारे १४ टक्के कोंडा आणि २ ते ३ टक्के अंकुर बाजूला काढतात. उरलेल्या गराचे रवाळ कण म्हणजे रवा आणि बारीक पूड म्हणजे मैदा. मैदा जास्त टिकतो, पावाला तो लागतोही. पण चोथा आणि जीवनसत्त्वे बरीचशी कोंड्याबरोबर जातात.

तरीही महामार्गावरच्या हॉटेलातली पांढरी रोटी आपल्याला ‘सुधारलेली’ वाटते आणि डब्यातली भाकरी ‘गावठी’! पहिल्या वर्षी मीही डबा झाकून खात होते. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ज्वारीचे जगभर कौतुक झाले. आपल्या भाकरीचा मान राखायला आपण जगाची वाट का पाहावी?

मित्रमैत्रिणींनो, ओव्या ग्रंथालयात जपू या, दळण गिरणीत नेऊ या. आणि डबा मात्र उघडा ठेवून खाऊ या.