घास अडकू लागला तर...

आजोबांच्या घशात पोळीचा घास अडकू लागतो. ते दुधात कुस्करून खाऊ लागतात. काही दिवसांनी तेही उतरेनासे होते. मग पेज, मग नुसते दूध. ‘पित्त असेल’ म्हणत घरचे थांबतात. अन्ननलिकेचा कर्करोग पुष्कळदा असाच चोरपावलांनी येतो.

पण शरीरात तर रोगाशी लढणारी फौज असते! रक्तातील ‘टी पेशी’ बिघडलेल्या पेशी ओळखून नष्ट करतात. मग गाठ वाढते कशी? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गाठीत टी पेशी शिरलेल्या दिसतात. ज्यांच्या गाठीत त्या अधिक, असे रुग्ण सर्वसाधारणपणे अधिक काळ जगतात. मात्र यातील बऱ्याच पेशी थकून निष्क्रिय झालेल्या असतात. त्यांच्यावर ‘पीडी-१’ नावाचा एक ब्रेक असतो. एरवी तो हवाच, नाहीतर फौज आपल्याच अवयवांवर तुटून पडेल. कर्करोग नेमका हाच ब्रेक दाबून धरतो.

जपानमधील क्योटोचे शास्त्रज्ञ तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधून काढला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा ब्रेक सोडवणारे एक औषध म्हणजे निव्होलुमॅब. केमोथेरपी, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया होऊनही काढलेल्या भागात कर्करोग शिल्लक आढळला, अशा ७९४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्यांपैकी निम्म्या रुग्णांत ११ महिन्यांच्या आत आजार उलटला किंवा मृत्यू ओढवला. औषध घेतलेल्यांत हाच काळ सुमारे २२ महिने होता.

तरीही ही जादूची कांडी नव्हे. औषध महाग आहे आणि सर्वांना लागू पडत नाही. मोकळी सुटलेली फौज कधी थायरॉइड, फुप्फुसे वा आतड्यांवरही हल्ला करते. इंजेक्शननंतर दम लागला किंवा जुलाब थांबेनात, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

घरच्यांच्या हाती मात्र बरेच काही आहे. तंबाखू आणि दारू दूर ठेवा, चहा जरा निववून प्या. आणि घास अडकतोय, वजन घटतेय असे दिसले, तर पोळी कुस्करून देत बसू नका. दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आजार लवकर सापडला, तर प्रत्येक उपचाराला अधिक वाव मिळतो.